सुनेच्या गोष्टीतली सासू

चांगुणाबाईनं जन्मात कुणाचे आभार मानले नव्हते. ती उद्धट होती असं नाही. कुणाला म्हणायचं असेल तर म्हणो बापडं. तिचं म्हणणं एवढंच, की केलेलं डोळ्यांना दिसतं आणि दिसलेलं मनात राहतं, मग ते तोंडानं वाजवत कशाला बसायचं? लातूरजवळच्या मुरुडच्या त्या गल्लीत कुणाचं बाळंतपण असो नाहीतर मयत असो, पदर खोचून पहिली हजर चांगुणाबाई. आणि कुणी हात धरून "लई केलंत, बाई" म्हणालं, की ती म्हणायची, "हात सोड, तिकडं दूध उतू चाललंय." दूध असो वा नसो.

तिचा नवरा पंढरी जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी लुंबिनी पुण्याला नोकरीत, मुलगा नागसेन नांदेडला बायको-पोरांसह. चांगुणाबाई मुरुडचं घर सोडायला तयार नाही. म्हणून नागसेननं तिला चांगला मोठ्या काचेचा फोन आणून दिला. दुसरीपर्यंत शाळा झालेल्या बाईला अक्षरं लागायची, पण रस्त्यावरच्या पाटीएवढी असली तर. बोटानं एकेक अक्षर टिपत बसणं तिला कोंबडीचं काम वाटायचं. ती बोलायची. माइकच्या खुणेवर अंगठा दाबला, फोन तोंडापुढं आडवा धरला, की चालू.

पण तिची एक खोड होती. बोलून झालं तरी ती अंगठा उचलायची नाही.

"आई, अंगठा उचलल्याबिगर तुझा आवाज इकडं येतच नाही," नागसेननं किती वेळा सांगितलं.

"माणसाशी बोलायचं अन् लगेच पाठ फिरवायची? मी थांबते. त्यानं उत्तर द्यावं, मग उचलते."

"अगं, ऐकलंच नाही तर उत्तर कुठून देणार?"

"ते त्याचं त्यानं बघावं."

असं होतं ते. मग अर्ध्या मिनिटाचा निरोप आणि मागं पाच मिनिटांचं शेपूट. शेपटात कुकरची शिट्टी, शेळीचं ओरडणं, भाजीवाल्याशी भांडण, शेजारच्या महामायाशी गप्पा. अंगठा दुखायला लागला की चांगुणाबाई फोन खाली ठेवायची आणि सगळं नांदेडला पोचायचं. नागसेन पहिलं अर्धं मिनिट ऐकून फोन खिशात टाकायचा. त्याची बायको प्रियदर्शनी मात्र शेवटपर्यंत ऐकायची.

प्रियदर्शनी हदगावकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. लग्न होऊन आली तेव्हापासून वहीत काहीतरी लिहीत बसायची. चांगुणाबाईला ते रिकामपणाचं लक्षण वाटायचं. सासू-सुनेचं भांडण असं कधी झालं नाही, पण गोडीही नव्हती. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागायच्या.

मग दोन वर्षांमागं चांगुणाबाई न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, आणि अकरा आठवडे ती तरोडा भागातल्या नागसेनच्या दोन खोल्यांत आडवी होती. प्रियदर्शनीनं बिनपगारी रजा काढली. त्या अकरा आठवड्यांत काय काय करावं लागतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, सांगण्यासारखं नाही. बरी झाल्यावर चांगुणाबाई काठी टेकत मुरुडच्या गाडीत बसली. सून खिडकीखाली उभी होती. चांगुणाबाईच्या गळ्याशी काहीतरी आलं होतं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "उन्हात उभी राहू नको, जा घरी."

ते गिळलेलं अजून खाली उतरलं नव्हतं. दोन वर्षं झाली, तिथंच अडकून होतं.

*

यंदा विहारातला पावसाळ्याचा वर्षावास सुरू होऊन महिना झाला असेल. एका दुपारी प्रियदर्शनीचा आवाज आला.

"आत्याबाई, एक काम होतं तुमच्याकडं. लातूरला एक दिवाळी अंक निघतो. त्यांना मी गोष्ट पाठवली होती, सासू-सुनेची. दोघी फोनवर मेसेज करून राहिल्या, असं आहे त्यात. संपादक उमाशंकर म्हणून आहेत. त्यांनी परत केली. म्हणे, यातलं बोलणं फोनवरून उतरवून काढल्यासारखं वाटतं, माणसं दिसत नाहीत. पुन्हा लिहून शुक्रवारी दुपारी बाराच्या आत द्या, तिथून पुढं अंक छापायला जाईल. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पुन्हा लिहा म्हणालंय, आत्याबाई. नाहीतर नुसतंच परत यायचं. मी वाचून पाठवते. तुम्ही ऐकून सांगता का कुठं चुकून राहिलं?"

चांगुणाबाईला बरं वाटलं, पण ते दाखवायचं कशाला! "मला अडाणीला काय विचारतीस? पाठव. कुकर लावते, तवर ऐकते."

गोष्ट आली. प्रियदर्शनी शाळेत धडा वाचावा तशी वाचत होती.

"सासू, सकाळी सात बारा. जेवलीस का. सून, सकाळी नऊ चाळीस. हो. सासू, नऊ एकेचाळीस. काय केलंस. सून, नऊ पन्नास. मेथी. हसणारा चेहरा. सासू, नऊ एकावन्न. बरं. सून, जोडलेले हात."

असं पाच मिनिटं. चांगुणाबाईनं गॅस बारीक केला आणि फोन तोंडापुढं आडवा धरला.

"हे काय गं? स्टँडवर गाड्या पुकारतेत तसं झालंय. सात बारा, नऊ चाळीस, रेणापूर-अहमदपूर मार्गे. माणूस कुठाय ह्याच्यात?"

थोड्या वेळानं उत्तर आलं. "पण आत्याबाई, फोनवर असंच दिसतं ना. खरं तेच लिहिलंय."

"फोन बघणाऱ्याला खरं असंल. ऐकणाऱ्याला काय त्याचं? मी सातला विचारलं, तू पावणेदहाला हो म्हणलीस. मधी काय झालं?"

"शाळेत पोषण आहाराची तांदळाची पोती आली होती. उतरवून घेऊन राहिले होते."

"मग ते लिही की! अन् इकडं मी काय करायले ते लिही. मी फोन पिठाच्या डब्यावर उभा करून ठेवला होता. एक भाकरी थापायची, एकदा बघायची. तीन झाल्या, तुझा पत्ता न्हाई. चौथी करपली, तुझ्यापायी. ती भाकरी तुझ्या गोष्टीत कुठाय? तू नुसतं 'हो' लिहून मोकळी. बोलणं दोन चुलींच्या मधी चाललंय, बाई, फोनच्या काचेवर न्हाई."

चांगुणाबाईला वाटलं, जरा जास्तच झालं. मग उत्तर आलं.

"आत्याबाई, मी लिहून घेऊन राहिले. अजून सांगा."

मग काय विचारता! चांगुणाबाई खुर्ची ओढून बसली. तीन दिवस तो कारभार चालला. सून शाळेतून आली की वाचून पाठवायची, सासू शेळीला पाला टाकता टाकता ऐकायची आणि तुकडे पाडायची.

"प्रत्येक वाक्याला नाव कशाला लावतीस? हजेरी घ्यायलीस का? 'हाय' म्हणली ती मी. 'करून राहिले' म्हणली ती हदगावची तू. कळतंय की."

"आणि शुभ सकाळची फुलं, ओके, ठीक आहे, हे?"

"निवडून टाक. दिवसाला पन्नास वेळा येतंय, म्हणून पन्नास वेळा वाचायचं? पण एक ठेव. आमच्या ह्यांच्या पुण्यतिथीला तू नुसतं फूल पाठवलं होतंस, शब्द न्हाई. ते ठेव. त्या दिवशी मला ते बरं वाटलं होतं."

हे बोलून गेल्यावर चांगुणाबाईनं घाईनं विषय बदलला.

"अन् ते पिवळं तोंड. मेथी म्हणून हसरं तोंड पाठवलंस तू. त्या दिवशी तर तू रडत होतीस म्हणं. हेडमास्तर समद्यांसमोर बोलला म्हणून. नागसेननं सांगितलं मला."

"हो. तुम्हाला काळजी नको म्हणून हसरं पाठवलं."

"मग गोष्टीत हसरं तोंड लिहिलं तर ऐकणारी बाई म्हणंल, मजेत हाय सून. खोटं झालं की ते! असं लिही, सुनेनं डोळे पुसले, हसरं तोंड शोधलं, अन् पाठवलं. अन् तिकडं सासूला नागसेनचा फोन आला होता, तिला समदं ठावं होतं, तिनं बरं म्हणून सोडून दिलं. तसं झालतं का न्हाई?"

"तसंच झालं होतं," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं."

बुधवारी सुनेनं सांगितलं, सगळी नव्यानं लिहून झाली, शेवटही बदललाय, उद्या दुपारी पूर्ण वाचून पाठवते. "शेवट तुम्ही आधी ऐका, आत्याबाई, एकट्यानं. मग मला सांगा ठेवू का नको."

हे शेवटचं वाक्य चांगुणाबाईनं ऐकलं नाही. तेवढ्यात शेळीनं महामायाच्या दारातली तुळस खाल्ली आणि गल्लीत ओरडा झाला.

*

वर्षावासात विहारात रोज दुपारी तीनला बायका जमायच्या. गल्लीतलीच बुद्धप्रिया नावाची एक सून ग्रंथ वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. चांगुणाबाई सगळ्यात पुढं बसायची आणि वाचणारीचा दम कुठं लागतो, कुठं ती घाई करते, ते सगळ्यांदेखत सांगायची. गुरुवारी वाचन संपलं, चहा यायचा होता, आणि चांगुणाबाईच्या पिशवीत फोन वाजला. गोष्ट आली होती.

तिथंच तिची चूक झाली. पण ज्या बाईच्या सुनेची गोष्ट अंकात छापून येणार, आणि ती गोष्ट जिच्या सांगण्यावरून उभी राहिली, ती बाई चार जणींसमोर फोन पिशवीत कसा ठेवणार?

"बसा गं जरा," ती म्हणाली. "माझ्या सुनेनं गोष्ट लिहिलीय. लातूरच्या अंकात यायलीय. लेखिका झाली ती. अन् मी सांगितलं तशी लिहिलीय."

"तुम्ही काय सांगितलंत, आत्या?" बुद्धप्रियानं विचारलं.

"ऐक म्हणजे कळंल. अन् तुलाबी शिकायला मिळंल, वाचताना दम कुठं घ्यायचा ते."

मागून कुणीतरी म्हणालं, ऐकू येत नाही. "मग माइकला लाव की," चांगुणाबाईनं फर्मावलं. बुद्धप्रियानं फोन वंदनेच्या माइकपुढं धरला. विहाराच्या छपरावर भोंगा होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी चांगुणाबाईनं बंद करू दिला नसता.

गोष्ट फार छान उतरली होती. आता त्यात सात बारा, नऊ चाळीस काही नव्हतं. एक सासू भाकरी थापत होती, डब्यावर उभ्या केलेल्या फोनकडं बघत होती. दूर एका शाळेत सून तांदळाच्या पोत्यांवर खुणा करत होती, पर्समध्ये फोन थरथरत होता. चौथी भाकरी करपली तेव्हा बायका हसल्या. सुनेनं डोळे पुसून हसरं तोंड शोधलं तेव्हा एक म्हातारी "अगं माय" म्हणाली. चांगुणाबाई मान डोलवत होती. मधेच म्हणाली, "ती भाकरी मी घालायला लावली."

मग शेवट आला.

"एके दिवशी सासूनं निरोप दिला, की पापड पाठवलेत, मिळाले का बघ. नेहमीसारखा तिचा अंगठा तसाच राहिला. शेजारीण आली. सासूला वाटलं, आपण दोघीच आहोत. ती म्हणाली, 'अकरा आठवडे त्या पोरीनं माझं भांडं उचललं गं. एकदा नाक मुरडलं न्हाई. माझ्या पोटच्या पोरीनं दुसऱ्या दिवशी गाडी धरली. ही रोज उशाला बसून केस विंचरायची, म्हणायची, वेणी घालू का आंबाडा. मी केलं असतं का गं असं कुणाचं? न्हाई केलं असतं मी. पण तिला तोंडावर म्हणता येत न्हाई मला. म्हणाया गेले की रडू येतंय.' सुनेनं ते नांदेडला ऐकलं. तिनं सासूला एवढंच कळवलं, पापड मिळाले."

चहाचं पातेलं घेऊन आलेली बाई दारात उभी राहिली.

महामायाला राहवलं नाही. "अगं, हे तर तू मला म्हणली होतीस! पापडाच्या दिवशी!"

चांगुणाबाई उठली. काठी सापडेना. ती मांडीखालीच होती. तिनं माइकपुढचा फोन ओढून घेतला, तशी भोंग्यातून करकर झाली आणि रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं. चहा न घेता ती निघाली. गल्लीत दोन-तीन दारांत माणसं उभी होती. त्यांनी भोंगा ऐकला होता. चांगुणाबाईनं मान खाली घातली नाही, पण वरही बघितलं नाही.

घरी येऊन तिनं अंगठा दाबला. "शेवट काढ. आत्ताच्या आत्ता. मी माझ्या घरात काय बोलले ते गावात वाटायला तुला कुणी सांगितलं?" आणि त्या दिवशी तिनं अंगठा लगेच उचलला.

उत्तर दहा मिनिटांत आलं. "काढते, आत्याबाई. चुकलं माझं." एवढंच. पिवळं तोंड नाही, जोडलेले हात नाहीत.

*

दिवेलागणीला नागसेनचा फोन आला.

"आई, ती गोष्ट पाठवत नाही म्हणते."

"का? शेवटच काढ म्हणलं, गोष्ट न्हाई. दुसरा शेवट लाव म्हणावं."

"ती म्हणते, ते काढलं तर बाकीचं कशासाठी लिहिलं ते कळत नाही. उद्या बाराला संपादकाला नाही म्हणून कळवणार आहे."

"मग तिला लिहिता येत न्हाई."

नागसेन कधी आईला उलट बोलायचा नाही. आता मात्र तो म्हणाला, "आई, ते तुझं बोलणं आठ महिने तिच्या फोनमध्ये आहे. मलाही सांगितलं नव्हतं तिनं. मागं फोन बदलला ना, तेव्हा दुकानदाराला म्हणाली, फोटो राहिले तरी चालतील, आधी हा एक आवाज नव्या फोनमध्ये घ्या. मी विचारलं कशाचा, तर म्हणाली, पापडाचा. शाळेत जड गेलं की रिक्षात ऐकते. आज सांगितलं मला, रडत."

चांगुणाबाईनं फोन ठेवला. तिला जेवण गेलं नाही.

सकाळी महामाया आली. चहाची पूड मागायच्या निमित्तानं. वाटी रिकामी होती तेवढीच खरी.

"गल्लीत तुझंच नाव हाय कालपासून," ती उंबऱ्यावर बसत म्हणाली.

"कोण कोण हसलं ते सांग. एकेकीकडं जाऊन येते."

"हसंल कोण? बुद्धप्रियाच्या सासूनं काल घरी जाऊन सुनेला स्वतः चहा करून दिला. पोरगी घाबरली. म्हणं, आत्याबाई, तब्येत बरी हाय का तुमची?"

चांगुणाबाईला हसू आलं, पण तिनं ते ओठांत दाबलं. "तू तिथं वरडलीस कशाला? मी म्हणले होते म्हणून?"

"तू म्हणलीस, मी ऐकलं. मी काय भिंत हाय?" महामायानं वाटी खाली ठेवली. "अन् मी तर तवाच म्हणणार होते, मला कशाला सांगायलीस, तिला सांग. पण तुझ्या तोंडाला कोण लागावं?"

कालपासून चांगुणाबाई लाजेनं धुमसत होती. पण लाज कशाची, हे तिचं तिलाच नीट कळलं नव्हतं. भांडं उचलल्याची नव्हती. म्हातारपण सगळ्यांना येतं. रडू येण्याचीही नव्हती. सुनेला ते शेजारणीच्या वाट्याचं, पडलेलं उचलून घ्यावं लागलं, आणि तेवढंच ती आठ महिने जपत बसली, लाज त्याची होती. द्यायचं होतं ते हातानं द्यायला पाहिजे होतं.

"वाजले किती?"

"दहा झाले असतील."

"पूड त्या डब्यात हाय. घे अन् बस हितंच. उठू नको."

चांगुणाबाईनं फोन घेतला, अंगठा दाबला. "प्रियदर्शनी, ऐक," म्हणाली आणि पुढं शब्द येईना. पाठवलं आणि पुसून टाकलं. दुसऱ्यांदा पापडाबद्दल काहीतरी बोलली, पुसलं. तिसऱ्यांदा रागावल्यासारखं झालं. चौथ्यांदा महामायाच मधे म्हणाली, "अगं, असं भांडायल्यासारखं नको." तेही पुसलं. नांदेडला, शाळेच्या व्हरांड्यात, प्रियदर्शनीला एकाखाली एक चार ओळी दिसत होत्या, मेसेज हटवला, मेसेज हटवला. तिला वाटलं, आत्याबाई पुन्हा पडल्या की काय.

"हे काय कामाचं न्हाई," चांगुणाबाई म्हणाली आणि सरळ फोन लावला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आत्याबाई? काय झालं? पाय दुखून राहिला का?" मागं पोरं पाढे म्हणत होती.

"पाय बरा हाय. गप ऐक. मधी बोलू नको, मधी बोललीस तर माझं राहून जाईल."

"बरं."

"तू मला उचललंस. बसवलंस. न्हाऊ घातलंस. मी तुझ्या वरणाला रोज नावं ठेवायची. वरण चांगलं होतं. मला माझीच चीड यायची, ती वरणावर काढायची. तुझ्या रजेचा पगार गेला, तू एकदा बोलली न्हाईस. मी गाडीत बसले तेव्हा तुला सांगायचं होतं, सांगितलं न्हाई. आज सांगते. तुझं माझ्यावर लई हाय, पोरी. ते मी फेडणार न्हाई, असलं फेडायचं नसतंय. पण मला ठावं हाय, हे तुला माझ्या तोंडून ठावं असावं. महामायाच्या न्हाई. भोंग्याच्या तर न्हाईच."

एवढं बोलेपर्यंत तिच्या गळ्यातलं ते सुटलं, आणि तिला रडू आलंच. महामाया चुलीकडं बघत बसली, शहाणी बाई.

तिकडून नुसते पाढे आले. बे नव्वं अठरा, बे दाहे वीस.

"हायस का गं?"

"आहे, आत्याबाई."

"मग आता लिही. पहिलं म्हणजे लुंबिनीचं काढ. तिला रजा नव्हती, मी रागात बोलले. ती पण माझीच लेक हाय. अन् चोरून ऐकलेलं राहू दे वाटलं तर, पण तिथं संपवू नको. त्याच्या पुढं सासूला फोन लावायला लाव. तिला बोलता येतंय."

"पन्नास मिनिटं राहिलीत, आत्याबाई. वर्ग आहे माझा."

"पोरांना चित्रं काढायला सांग. पन्नास मिनिटांत मी चार माणसांचा स्वयंपाक करते, तुला पान न्हाई लिहिता येत?"

प्रियदर्शनी रडता रडता हसली. आणि खरंच वही काढून टेबलाशी बसली. फोन तिनं कानाशी तसाच धरून ठेवला होता, चांगुणाबाईनंही बंद केला नाही. मुरुडला पेनाची खरखर ऐकू येत होती, कुणीतरी "बाई, हत्तीला किती पाय काढू" विचारत होतं. महामायानं चहा केला. दोघींनी तो फोनकडं कान लावून घेतला.

पावणेबाराला प्रियदर्शनी म्हणाली, "ऐका." तिनं शेवटचं पान वाचलं. त्यात वरण होतं, गाडीची खिडकी होती. शेवटची ओळ तिनं हळू वाचली. "सासू बोलायची थांबली. सून काहीच बोलली नाही."

चांगुणाबाईनं कप खाली ठेवला. "बाकी चांगलं हाय," ती म्हणाली. असं ती कुणाच्या स्वयंपाकालाही कधी म्हणाली नव्हती. "पण 'काहीच बोलली नाही' कसं? तू नाक ओढायलीस मघापासून. मला हितं ऐकू यायलंय. ते लिही."

"तेही लिहू?"

"न्हाई तर लोकांना कसं कळंल?"

प्रियदर्शनीनं ते लिहिलं, सगळ्या पानांचे फोटो काढले, आणि बाराला चार मिनिटं कमी असताना गोष्ट लातूरला गेली.